संबळाच्या ठोक्यांतून आपोआप घडणारी रचना: यादृच्छिकतेला मर्यादा कुठे घालावी?

प्रश्न (धाराशिव)
नमस्कार. तुळजापूरच्या एका गोंधळी काकांच्या परवानगीने त्यांच्या संबळाचे सुटे ठोके ध्वनिमुद्रित करून मी ते एलेक्ट्रॉन डिजिटॅक्ट या सॅम्पलरमध्ये (ध्वनिमुद्रित आवाज साठवून ठरवलेल्या क्रमाने वाजवणाऱ्या यंत्रात) भरले आहेत. प्रत्येक आवर्तन थोडे वेगळे वाजावे अशी इच्छा आहे. परंतु सगळ्याच ठोक्यांना वाजण्याची ५० टक्के शक्यता दिली की ताल हरवतो आणि नुसता गलबला उरतो. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर (परभणी)
काय बदलणार नाही, हे आधी ठरवावे. पहिल्या मात्रेवरचा खर्जाचा ठोका विनाअट ठेवा आणि केवळ भरीचे ठोके ३०-४० टक्क्यांवर सोडा. टक्केवारीहूनही मला ‘एनईआय’ (‘नेबर’, म्हणजे शेजारी) ही अट मोलाची वाटते, कारण ती लावलेला ठोका शेजारच्या, म्हणजे आधीच्या ट्रॅकवर (एका आवाजाच्या स्वतंत्र ओळीवर) नुकतीच तपासली गेलेली अट पूर्ण झाली असेल तरच वाजतो. पहिल्या ट्रॅकवर खर्जाचे, शक्यता दिलेले भरीचे ठोके आणि दुसऱ्यावर ‘एनईआय’ लावलेले टिपेचे ठोके ठेवले, तर दोन्ही भांड्यांत खरोखर सवाल-जवाब रंगतो. संबळाचा जीव याच देवाणघेवाणीत आहे, असे मी मानतो.

उत्तर (लातूर)
शक्यता न वापरताही वैविध्य साधते. खर्जाचा ट्रॅक १६ स्टेपचा (स्टेप म्हणजे पाव मात्रेचे एक घर), टिपेचा ट्रॅक ७ चा आणि झांज ५ ची ठेवा. तिन्ही ट्रॅक पुन्हा एकत्र सुरुवातीला यायला ५६० स्टेप लागतात, म्हणजे १०० बीपीएमला (मिनिटाला १०० मात्रांच्या लयीला) ८४ सेकंद. मात्र ‘रिसेट’ची (किती स्टेपनंतर सगळे ट्रॅक पुन्हा सुरू व्हावेत, त्या सेटिंगची) किंमत अनंत ठेवायला हवी, नाहीतर सगळे ट्रॅक मध्येच पहिल्या स्टेपवर परततात.

उत्तर (नांदेड)
संगणक जोडणार असाल तर मिलर पकेट यांचे प्युअर डेटा हे मोफत सॉफ्टवेअर पाहावे. त्यातला ‘मेट्रो’ (ठरावीक अंतराने टिचकी देणारा घटक) १५० मिलिसेकंदांवर चालवून प्रत्येक टिचकीला ‘रँडम १००’मधून ० ते ९९ मधला कोणताही आकडा घ्यावा आणि तो ६० पेक्षा लहान असेल तरच मिडीवरून (वाद्ययंत्रे आणि संगणक जोडणाऱ्या संदेशपद्धतीने) सॅम्पलरला नोट पाठवावी. ‘रँडम’ला ‘सीड’ (सुरुवातीचा ठरावीक आकडा) दिले की आकड्यांचा तोच क्रम पुन्हा मिळतो, त्यामुळे आवडलेली रचना हातची जात नाही.

प्रश्नकर्ता
सर्वांचे मनःपूर्वक आभार. खर्ज १६ स्टेपवर स्थिर ठेवून प्रथम ‘एनईआय’ लावून पाहतो. झांजेच्या ट्रॅकवर ५ स्टेप आणि शक्यता या दोन्ही गोष्टी एकत्र चालतील का?

उत्तर (परभणी)
चालतील, पण झांज विरळ ठेवा. ती दाट झाली की संबळाची आस (ठोक्यानंतर रेंगाळणारा नाद) ऐकूच येत नाही.