मुखवट्याचा बसलेला गाल सरळ करावा का?

शाहूपुरीकर

१९७७ सालच्या ‘स्टार वॉर्स’मधील खलनायक डार्थ वेडरचा काळा मुखवटा घरी बनवण्याच्या खटपटीत मी गेले आठ महिने आहे. त्यातून जो वाद उभा राहिला, तो येथे मांडतो. मुखवट्याचा आकार मी स्वतः शाडूत घडवला. साचा काढणे मात्र माझ्या आवाक्यातले नसल्यामुळे ते काम ओळखीच्या एका मूर्तिकारांकडे सोपवले. पुढे त्या प्लास्टरच्या साच्याला मेणपॉलिश, त्यावर जेलकोट (बाहेरून दिसणारा रेझिनचा गुळगुळीत थर) आणि मग रेझिनमध्ये भिजवलेल्या फायबर मॅटचे, म्हणजे काचतंतूंच्या चटईचे, दोन थर, असा क्रम ठरला होता. तिसऱ्या दिवशी गेलो तेव्हा साचा काढून झाला होता आणि मूर्तिकार मोठ्या समाधानाने म्हणाले, “तुमचा एक गाल जरा बसल्याला हुता, त्यो सारखा करून टाकलाय बघा.”

गाल चुकून बसलेला नव्हता, मी तो जाणूनबुजून तसा ठेवला होता. ब्रायन मुइर या शिल्पकाराने मूळ मुखवटा हाताने घडवला, त्यामुळे त्याच्या दोन्ही बाजू एकमेकींशी तंतोतंत जुळत नाहीत. याच मालिकेतील २००५ च्या चित्रपटासाठी त्या जुळवून घेण्यात आल्या, आणि ज्याने हे दोन्ही मुखवटे निरखले आहेत त्याला ते शेजारी ठेवल्याबरोबर वेगळे ओळखता येतात. म्हणजे आता माझ्याकडे कोणत्याच चित्रपटाचा मुखवटा नाही. मूळ वस्तूत जे वाकडे आहे ते प्रतीतही वाकडेच उतरले पाहिजे, ते सरळ करण्याचा अधिकार प्रत बनवणाऱ्याला नाही, असे माझे ठाम मत आहे. आपणांस काय वाटते?

ड्रेपरीवाला

मूर्तिकारांनी केले ते योग्यच केले, असे मी म्हणेन. आमच्या घरात दोन पिढ्या ड्रेपरीचा, म्हणजे नाटकांना वेशभूषेचे सामान पुरवण्याचा, व्यवसाय आहे. पुठ्ठा, कागदाचा लगदा आणि बेगड यांतून केलेला मुकुट हातात घेतला तर ओबडधोबड दिसतो, पण तिसऱ्या रांगेतून तो राजाचाच असतो, कारण तो तिथून पाहण्यासाठीच केलेला असतो. वेशभूषेची सामग्री डोळ्यासाठी असते, फूटपट्टीसाठी नाही.

शिवाय आपण ज्याला पडद्यावरचे म्हणता, तो पडदा मुळात विश्वासाचा साक्षीदार नाही. १९३९ च्या ‘द विझार्ड ऑफ ऑझ’मधले लाल बूट घ्या. मूळ पुस्तकात ते चंदेरी होते. रंगीत चित्रपटात उठून दिसावेत म्हणून ते लाल केले. त्यावरच्या टिकल्या मात्र गडद, काळपट लाल निवडल्या, कारण उजळ लाल रंग त्या काळच्या टेक्निकलर प्रक्रियेत नारिंगीकडे झुकला असता. आता पडद्यावर दिसतो तो लाल उचलायचा, की बुटावर होता तो? आपल्या कोल्हापुरातल्या मूकपटांबद्दल तर हा प्रश्नच मिटतो. त्या काळच्या फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे, लाल शालू काळा उमटे. तिथले चित्रपटकार बाबूराव पेंटर यांच्या पात्रांच्या अंगावरचा रंग पडद्यावरून सांगणारा कोणी असेल, तर मी त्याला माझी सगळी ड्रेपरी फुकट देईन.

शाहूपुरीकर

आपले उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. वेडरचा मुखवटा पडद्यावर एकसंध काळा दिसतो; प्रत्यक्षात त्याचे काही भाग काळे आणि काही गनमेटल करड्या रंगाचे होते, आणि त्यामुळेच प्रकाश पडला की चेहऱ्याला खोली येत असे. मी तेच दोन रंग देणार आहे. म्हणजे मी पडद्याची नक्कल करत नाही, कॅमेऱ्यासमोर जी वस्तू ठेवली होती तिची करतो. ‘पडद्यावरच्यासारखे’ हा शब्द सैल आहे, एवढे मात्र मान्य करतो.

उद्यमनगर लेथ

मी दोघांशीही अर्धा सहमत आहे, आणि माझा अनुभव जरा वेगळा आहे. गेल्या वर्षी एकाने त्याच चित्रपटातील प्रकाशतलवारीची मूठ ॲल्युमिनियममध्ये ओढून द्यायला सांगितली. चौकशी केली तेव्हा कळले की मूळ मूठ म्हणजे ग्राफ्लेक्स कंपनीच्या कॅमेऱ्याच्या जुन्या फ्लॅशचा दांडा होता. चित्रपटाची नेपथ्यसजावट करणारे रॉजर ख्रिश्चन यांना तो लंडनमधील एका फोटोच्या दुकानात मिळाला. त्याच्या क्लॅम्पमध्ये त्यांनी कॅल्क्युलेटरच्या आकड्यांवर असते ती भिंगाची पट्टी बसवली; १९८० च्या भागात त्याच जागी सर्किट बोर्डाची पट्टी आली. गिऱ्हाईक मात्र भिंगाच्या पट्टीवरच अडून बसले होते, आणि ती पट्टी काढण्यासाठी त्याने बाजारातून बंद पडलेले चार कॅल्क्युलेटर फोडले.

आता गंमत पाहा. मूळ कारागिराने हाताला लागले ते चिकटवले आणि तासाभरात मोकळा झाला. आमच्या उद्यमनगरात कुठलाही सुटा भाग नाही म्हणून काम अडत नाही, तसलाच तो प्रकार. त्याच्या जुगाडाची प्रत काढायला आपण वर्ष घालवतो, तेव्हा आपण त्याची वस्तू उचलतो आणि त्याची पद्धत सोडून देतो. मात्र एक कबूल करायला हवे: त्या मुठीइतके बारीक काम त्या वर्षात माझ्या लेथवर दुसरे झाले नाही. इंजिनाच्या भागात तेवढा फरक चालतो म्हणून मी सोडून दिला असता, तो त्या पोराने सोडू दिला नाही.

मर्दानी आखाडा

परदेशी मुखवट्याचा गाल वाकडा असो वा सरळ, त्याने कोणाचे बिघडत नाही. माझी तक्रार आपल्याकडच्या ऐतिहासिक चित्रपटांच्या प्रती काढणाऱ्यांबद्दल आहे. शिवजयंतीच्या मिरवणुकीसाठी आखाड्यातली मुले हल्ली चित्रपटातला फोटो मोबाइलवर दाखवतात आणि ‘अगदी असेच’ म्हणून चिलखत मागतात. खरे चिलखत लोखंडी कड्या एकमेकींत गुंफून केलेले असते आणि त्याचे वजन खांद्याला कळते. नाटक-सिनेमात मात्र जाड दोरा विणून त्यावर चंदेरी रंग मारलेलेही चालून जाते, आणि अंगाला फिट्ट बसणारे काळे रेक्झिन तर कोणत्या शतकातले, हे वेशभूषाकारालाच ठाऊक. अशा वेळी चित्रपटाशी प्रामाणिक राहणे म्हणजे चित्रपटाची चूक गल्लोगल्ली पोहोचवणे होय. तिथे मी त्या मूर्तिकारांच्याच बाजूने उभा राहीन आणि म्हणेन, चुकले असेल तर खुशाल दुरुस्त करा.

शाहूपुरीकर

आपला मुद्दा मला पूर्ण पटला, आणि तो माझ्या विरोधात जातो असेही नाही. डार्थ वेडर चित्रपटाबाहेर कधी अस्तित्वातच नव्हता, म्हणून त्याचे प्रमाण चित्रपटातली वस्तू. मावळा होऊन गेलेला माणूस आहे, त्याचे प्रमाण चित्रपट असू शकत नाही.

लेथवाल्यांच्या पद्धतीबद्दलच्या आक्षेपावर एवढेच सांगतो, की प्रत काढता काढताच माणसाला स्वतःची पद्धत हळूहळू सापडत जाते. बाबूरावांचे चुलतभाऊ आनंदराव पेंटर यांचे १९१६ साली निधन झाल्यावर अर्धवट राहिलेला कॅमेरा बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांच्या साथीने १९१८ मध्ये चालता केला. नवी कल्पना म्हणून नव्हे, विलायती यंत्र जसे चालते तसे आपलेही चालावे म्हणून केलेला तो खटाटोप होता, आणि १९२० चा ‘सैरंध्री’ त्यानंतर आला. माझ्या मुखवट्याची बरोबरी मी त्याच्याशी करत नाही; घरचे आधीच पुरेसे हसतात.

गालाचे म्हणाल, तर नवा साचा मिळणे आता अनंत चतुर्दशीनंतरच शक्य आहे, कारण सध्या कारखान्यात पाय ठेवायला जागा नाही. त्यामुळे फायबर निघाल्यावर तो गाल कानशीने घासून आणि शेजारचा भाग पुट्टीने उचलून मी तीन मिलिमीटर खाली दाखवणार आहे. शाडूच्या मूळ आकाराचे फोटो सुदैवाने मी काढून ठेवले होते.

ड्रेपरीवाला

अवश्य करा, आणि वाळल्यावर दुकानी घेऊन या. मूर्तिकारांनाही बोलावू. पंधरा फुटांवरून आम्हा दोघांपैकी एकालाही तो गाल बसलेला दिसला, तर चहा माझ्याकडून.