जुनी आरएक्स १००, कच्चा गोल ट्रॅक: चेनचं स्प्रॉकेट (पुढचे/मागचे दाते) १३/४१ लावू की १४/४५? मदत हवी आहे

दुधनाकाठ

राम राम मंडळी,

गाडी यामाहा आरएक्स १००, चुलत्याची, १९९५ची. चार हातांतून फिरून परत घरात आली, त्यामुळं आत कंपनीचं काय राहिलंय ते देवाला माहीत. स्प्रॉकेट (चेनची दातेरी चाकं) मी स्वतः खडूनं खूण करून मोजलेत: पुढं १४ दाते, मागं ३८. चेन ४२८ मापाची. मागचा टायर २.७५-१८.

जालना-अंबड रस्त्याच्या आतल्या अंगाला पाहुण्यांचं पडीक रान आहे. तिथं आम्ही पोरांनी मुरूम टाकून, रोलर फिरवून अंड्याच्या आकाराचा ट्रॅक केलाय. टेपनं मोजला तर ३८० मीटर भरला. दोन सरळ पट्ट्या ११० मीटरच्या, बाकी वळणं, सगळी डावीकडं. उड्या-बिड्या काही नाहीत. दिवाळीनंतर आठ-दहा जण आपापल्या जुन्या टू-स्ट्रोक गाड्या पळवणार आहोत. बक्षीस म्हणून एक बोकड ठरलाय, म्हणून सगळे एकदम गंभीर.

अडचण अशी. दुसऱ्या गियरमध्ये सरळ पट्टीच्या निम्म्यातच इंजिन बोंबलतं आणि पुढं ओढत नाही. तिसऱ्यात टाकली की वळणातून निघताना मरगळते, क्लच मारून उठवावी लागते. प्लगच्या तारेला गुंडाळायचं आरपीएम मीटर (इंजिनाचे मिनिटाला फेरे मोजणारं) लावून बघितलं. तिसऱ्या गियरमध्ये वळणातून निघताना ४३००, सरळ पट्टीच्या शेवटी ६२००. मोबाइलवर वेग ६० च्या आसपास. फेरी ३०.२ सेकंदांची.

या इंजिनाची पूर्ण ताकद, म्हणजे ११ बीएचपी, ७५०० आरपीएमला मिळते. मी हिशेब केला की शेवटी ७३०० यायला पाहिजेत. ७३०० भागिले ६२०० म्हणजे १.१८ पट. आत्ताचं गुणोत्तर ३८ भागिले १४, म्हणजे २.७१. त्याला १.१८ नं गुणलं की ३.२० येतं. त्याच्या जवळ दोन जोड्या बसतात: १३/४१ (३.१५) आणि १४/४५ (३.२१). मेकॅनिक म्हणतो पुढं १२ टाक, मागं हातच लावू नको, स्वस्तात काम. १२/३८ म्हणजे ३.१७, आकडा तर जमतोय.

तिन्हींतलं कोणतं? जाणकारांनी सांगावं. "नवी गाडी घे" असा सल्ला देणाऱ्यांना आधीच नमस्कार.

मुरूमातला

आधी एक शंका. ते मीटर टू-स्ट्रोकवर सेट आहे का? आपल्या गाडीत दर फेऱ्याला एक ठिणगी पडते. मीटर दोन फेऱ्यांना एक ठिणगी धरत असेल तर दुप्पट आकडा दाखवणार. मग तुझा सगळा हिशेब पाण्यात.

दुधनाकाठ

तपासलं दादा. गाडी उभी असताना १३०० दाखवतंय, कानालाही तसंच वाटतं. दर फेऱ्याला एकच आहे.

वाळूजचा फिटर

बाळा, ३१ वर्षं एमआयडीसीत चेन-गियरमध्येच गेली, म्हणून सांगतो. बारा दात्यांच्या भानगडीत पडू नकोस. चेन ही काही पट्टा नाही, ती कड्याकड्यानं वळते. स्प्रॉकेट जितकं लहान तितका प्रत्येक कडीला जास्त वाक. गोल चाक समजतो आपण, पण चेनच्या दृष्टीनं ते बारा कोनांचं चाक असतं. पुढचं स्प्रॉकेट एकसारखं फिरत असलं तरी चेनचा वेग दर दात्याला कमी-जास्त होत राहतो. १२ दात्यांवर हा फरक जवळजवळ ३.४ टक्के, १३ वर २.९, १४ वर २.५. आकडा छोटा दिसतो, पण मिनिटाला हजारो झटके बसतात ते. चेन लवकर वाढते, आणि चेन खाली येऊन स्विंगआर्मवरचं (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरचं) रबर खाते ते वेगळंच.

१३ ला माझी हरकत नाही. उलट १३ ही विषम संख्या. चेनच्या कड्या सहसा सम असतात, त्यामुळं तोच दाता त्याच कडीत सारखा सारखा पडत नाही, झीज वाटली जाते. १४/४२ सारखी जोडी लावशील तर मागच्या एका फेऱ्यात पुढचं बरोबर तीनदा फिरतं, तेच दाते तेच काम करत बसतात.

मागचं स्प्रॉकेट बनवून घेणार असशील तर प्लेट ईएन ८ पोलादाची घे आणि दाते इंडक्शननं (विजेनं तापवून) कडक करून घे. आमच्या गल्लीत एकानं साध्या लोखंडी पत्र्यातून गॅसनं कापून दिलं होतं. तीन रविवारांत दाते हुकासारखे वाकडे झाले आणि चेन चढून उतरली. सुदैवानं मागचं चाक अडकलं नाही. ४१ दात्यांचा पिच व्यास (चेनच्या पिनांमधून जाणाऱ्या वर्तुळाचा) १६५.९ मिमी येतो, कापणाऱ्याला तोंडी सांगू नकोस, लिहून दे.

मुरूमातला

काका, ते गॅसकटवालं माझंच होतं 🙈 बाकीच्यांना नाव सांगू नका.

पुण्यात अडकलेला परभणीकर

धागाकर्त्यांचा हिशेब चुकलेला नाही, पण एक गोष्ट सुटली आहे. तुम्ही जुनाच वेग धरून नवा आरपीएम काढलात. वळणातून निघताना इंजिन ४३०० ऐवजी ५००० वर असेल तर गाडी आधीपासूनच ओढेल आणि पट्टीच्या शेवटी वेग ६० राहणारच नाही, वाढेल. म्हणजे ७३०० चं लक्ष्य ठेवून दाते निवडलेत तर प्रत्यक्षात ७५०० च्या पुढे जाल. टू-स्ट्रोकला शिखराच्या पुढे ताकद एकदम पडते, आवाज तेवढा मोठा होतो. तुमच्या सायलेन्सरचं माप कंपनीचं नसेल तर आणखी लवकर पडेल.

म्हणून जुन्या वेगाला ७००० धरा. गुणोत्तर ३.०६ येतं. १३/४० म्हणजे ३.०८. मी तिथून सुरू करीन आणि ४१ जवळ ठेवीन.

दुसरं म्हणजे एकाच गियरमध्ये फेरी पूर्ण करायची हाच विचार पकडा. परदेशातल्या स्पीडवेच्या (कच्च्या गोल ट्रॅकवरच्या शर्यतींच्या) गाड्यांना बदलायला गियर नसतो आणि ब्रेकही नसतो. २६० ते ४२५ मीटरचा ट्रॅक आणि एकच गुणोत्तर. दोन शर्यतींच्या मधल्या वेळात ट्रॅक बघून मागचं स्प्रॉकेट बदलतात. तुमचा ३८० त्याच मापात बसतो. आपल्या जावा-येझदीचं मूळ घराणंही त्या खेळात मोठं, ते एक असो.

दुधनाकाठ

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. वेग वाढला की आकडा पळतो, बरोबर. पण आता पेच असा की बाजारात मला १३ आणि ४१ मिळालंय, ४० नाही. रविवारी ४१ लावून बघतो.

चेनचं काय? कडी वाढवावी लागेल का?

वाळूजचा फिटर

नको. पुढं एक दाता कमी आणि मागं तीन जास्त, म्हणजे दोन दाते वाढले. दोन दात्यांना एक कडीभर चेन लागते, १२.७ मिमी. मागचं मोठं झाल्यानं चेनचा तिरपेपणा वाढतो, त्याचे दीडेक मिमी धर. एवढी चेन मागचं चाक पुढं सरकवून मिळेल. चाक साधारण ७ मिमी पुढं येईल. खाचेत तेवढी जागा आहे का आणि टायर कुठं घासत नाही ना, ते बघ. १४/४५ लावलं असतंस तर मात्र चाक २५ मिमीच्या आसपास पुढं घ्यावं लागलं असतं, आणि मग कड्या वाढवायची वेळ आली असती. ते एक कारण पुरे.

चेनचा ढिलेपणा गाडी स्टँडवर असताना बघू नकोस. कुणाला तरी वर बसव, मागचं स्विंगआर्म दाबलं जाऊन गियरबॉक्स स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा बोल्ट आणि चाकाचा अॅक्सल एका रेषेत येतात, तिथं चेन सगळ्यात ताणलेली असते. तिथं थोडी सैल हवी. आणि चेनच्या जोडकडीवरच्या लॉकपट्टीचं बंद तोंड चेन पळते त्या दिशेला.

इंजिन चालू ठेवून चेनला कापड लावू नकोस. माझ्या उजव्या हाताच्या तर्जनीचं पेरं का नाही, ते विचारू नकोस.

लातूरकडचा

काय ओ, येवढं गणित! आम्ही पोरं तर मागचं स्प्रॉकेट थाळीयेवढं लावलाव आन् पळवलाव. पण एक सांगतो, खरंच. गियर खाली आणलं की वळणाला रेस बंद केल्यावर इंजिन जोरात फिरत राहतंय, आन् आरएक्सचा ऑइल पंप रेसच्या केबलवर चालतोय. रेस बंद म्हणजे तेल कमी, इंजिन मात्र सात हजारावर. माझी अशीच जॅम झालती, पिस्टनला उभे ओरखडे. तवापासून मी पेट्रोलमध्ये थोडं तेल हातानं पण टाकायलो. धूर व्हायलाय, पण पिस्टन वाचलाय.

पुण्यात अडकलेला परभणीकर

हा मुद्दा वरच्या सगळ्या आकड्यांपेक्षा महत्त्वाचा आहे. लांब पट्टीनंतर रेस एकदम झटकून बंद करू नका, किंवा क्लच दाबून धरा.

मुरूमातला

ट्रॅकचा विचार कुणीच करत नाही. सकाळी पाणी मारलेल्या मुरमावर पकड असते, तेव्हा ४१ पळेल. अकरानंतर वरची भुकटी निघते, चाक जागेवर फिरतं, तेव्हा जास्त ओढ काय कामाची? त्या वेळी एक-दोन दाते कमीच बरे. मीटरवर वाढलेला आरपीएमही निम्मा घसरणीचाच असतो, वेग वाढलेला नसतो. आणि काळी माती वर आली असेल तर पाऊस पडल्यावर विषयच संपला, चेनमध्ये बसते ती भाकरीसारखी.

दुधनाकाठ

टँकरच्या पाण्याचा तर प्रश्नच आहे. गावात घागरी रांगेत आणि आम्ही ट्रॅकवर पाणी मारायलोय, हे बघून आजी काय काय बोलली ते इथं लिहिता येणार नाही. शेवटी शेततळ्याचं गाळवट पाणी मारायचं ठरलं.

दुधनाकाठ (पुढच्या सोमवारी)

अहवाल देतो. १३/४१ लावलं. चाक बरोबर ७ मिमी पुढं आलं, काकांना दंडवत. सकाळी आठला, ओल्या ट्रॅकवर, तिसऱ्या गियरमध्ये:

वळणातून निघताना ५०००, क्लच मारायची गरज नाही. पट्टीच्या शेवटी ७६५०, वेग ६३-६४. शेवटच्या वीसेक मीटरला आवाज वाढतो, ओढ संपते, अगदी परभणीकरांनी सांगितलं तसं. फेरी २८.९. म्हणजे सव्वा सेकंदाहून जास्त कमी झालं, इंजिनाला हातही न लावता.

साडेअकराला परत पळवली. २९.८. वळणातून निघताना मागचं चाक बाजूला जातं आणि मला भीती वाटून मी रेस सोडतो. ते गियरिंगचं आहे की माझं, ते मला कळलंय, सांगायला नको.

४० लावलं तर त्याच वेगाला ७६५० चे साधारण ७४५० होतील. मला तेच पाहिजे. जालन्यात दोन दुकानं झाली, संभाजीनगरात एक झालं, सगळीकडं "मागवून देतो, आठ दिवस" एवढंच. आठ दिवसांत बोकड दुसऱ्याच्या दारात जाईल.

लातूरकडचा

थांबा की. माझ्याकडं ४० चं पडलंय, गोठ्यात खिळ्याला टांगलेलं. दाते चांगले हायत, मी मोजून बघितलं आत्ता. भोकं तुमच्या हबला बसतील का तेवढं बघा, मध्यापासून अंतर मोजून पाठवा. बसलं तर उद्याच्या एसटीनं पार्सल टाकतो.

दुधनाकाठ

मोजतो आत्ताच. व्यनि (खासगी निरोप) केलाय भाऊ. बोकड आला तर तुमचं मटण पक्कं.