तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात बाळंतपण करावं का?

प्रश्न: आठवा महिना लागलाय, माहेरी आलेय. आई म्हणते इथल्या ग्रामीण रुग्णालयातच करू, घरापासून दहा मिनिटांवर आहे, पण सिझर लागलं तर काय या विचाराने रात्री झोप नाही. कुणाचा अनुभव?

माहेरवाशीण: माझी दोन्ही तिथलीच, नॉर्मल. ३० खाटांचंच असतं पण सिस्टर रात्रभर जवळ होत्या. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात औषधं, तपासण्या, जेवण, सिझर सगळं मोफत, घरी सोडायला गाडी पण.

सिस्टरताई: मी सरकारी नर्स आहे. मोफत आहे हे खरं, पण आधी जाऊन विचार की भूलतज्ज्ञ असतात का आणि रक्त साठवण केंद्र आहे का, यातलं एक जरी नसेल तर ऐनवेळी जिल्ह्याला पाठवतात आणि कळा सुरू असताना घाटातला तो तास फार वाईट असतो गं. हिमोग्लोबिन किती?

प्रश्नकर्ती: ९ आलंय ताई.

सिस्टरताई: कमी आहे. उद्याच डॉक्टरांना रिपोर्ट दाखव, लोहाच्या गोळ्या चहासोबत घेऊ नकोस. १०२ आणि १०८ दोन्ही नंबर घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेव.