कॅटानमध्ये ‘पुढच्या पाळीला देतो’ हा सौदा धरायचा की नाही?

खाडीकाठ
शनिवारी दाभोळ खाडीच्या अलीकडे दिवसभर पाऊस, आणि चारला वीज गेली ती गेलीच. मासेमारी बंदी ३१ जुलैपर्यंत, त्यामुळे दादाची होडी शाकारलेली आणि दादा घरात घोरत. ताई आणि भावोजी मुंबईहून आलेले. भावोजींनी बॅगेतून कॅटान काढलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: १९९५ साली जर्मनीत आलेला खेळ. बेटावर रस्ते, वस्त्या, शहरं बांधायची. त्यासाठी वीट, लाकूड, लोकर, गहू आणि दगड अशी पाच प्रकारची पानं लागतात. आधी १० गुण करेल तो जिंकला. फासे आपल्याला हवं ते कधीच देत नाहीत, म्हणून आपापसात पानांची अदलाबदल करावीच लागते.

आता भांडण. भावोजींना रस्ता आणि वस्ती एकाच पाळीत बांधायची होती. बाकी सगळं हातात, फक्त विटा नाहीत. वहिनीकडे दोन होत्या. भावोजी म्हणाले, “वहिनी, दोन्ही द्या. आत्ता एक लोकर घ्या, पुढच्या पाळीला एक गहू देतो. आत्ता एकच गहू आहे, तो वस्तीला लागतोय.” वहिनीने दिल्या. पुढच्या पाळीला भावोजींकडे तीन दगड आणि दोन गहू जमले. त्यांनी सरळ शहर बांधलं. वहिनीने हात पुढे केला तर म्हणतात, “गहू संपला.” आणि वर, “नियमात कुठे लिहिलंय दाखवा.”

टॉर्च लावून पुस्तिका वाचली. ज्याची पाळी त्याच्याशीच सौदा करता येतो, बाकीच्यांनी आपापसात करायचा नाही, हे आहे. पान फुकट देता येत नाही, हे आहे. दोन लोकरी देऊन एक लोकर असला सारख्याला सारखा सौदा चालत नाही, हेही आहे. वचनाबद्दल मात्र अवाक्षर नाही. वहिनी उठून भजी तळायला गेली आणि पाच माणसांत चार ताटल्या आल्या. जावयाला वगळून! तुम्ही सांगा, कोण बरोबर?

नियमावर बोट
भावोजी बरोबर. माणूस म्हणून कसे ते तुमचं तुम्ही बघा, खेळाडू म्हणून बरोबर.

सौदा म्हणजे त्या क्षणी या हातातून त्या हातात गेलं तेवढंच. दोन विटांना एक लोकर, संपला विषय. पान फुकट द्यायला बंदी का आहे, याचा विचार करा. दोघांनी संगनमत करून तिसऱ्याला बुडवू नये म्हणून. आता वचन पाळायची सक्ती केलीत, तर “तीन विटा घे, कधीतरी एक लोकर दे” म्हणत मी माझ्या बायकोला अख्खा डाव आंदण देईन. आज वीट देऊन पुढच्या पाळीला वीट परत घेतली, तर सारख्याला सारखा हा बंदी असलेला सौदा मागच्या दाराने आत आला की नाही?

आणि मध्ये सात पडले तर? हातात सातपेक्षा जास्त पानं असलेल्याला निम्मी टाकावी लागतात. वचनाचा गहू त्यात गेला तर दोष कोणाचा? वहिनी पंचनामा करणार का?

मोहोर
माझी रत्नागिरीजवळ आंब्याची थोडी कलमं आहेत, म्हणून बोलतो. आमच्याकडे मोहोर दिसायच्या आधी बाग ठरते. दलाल उचल देऊन जातो, कागद असतोच असं नाही. वाशीला पेटीचा भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरवायची रीत होती, बाहेर उभ्या माणसाला दिसायचा फक्त रुमाल. एवढा व्यवहार शब्दावर होतो आणि तुम्ही एका गव्हासाठी पुस्तिकेची पानं उलटताय!

पुस्तिका गप्प आहे म्हणजे वचन द्यायला बंदी नाही. बंदी नाही तर ते दिलेलं आहे, आणि दिलेलं पाळायचं. व्यापारावर उभ्या असलेल्या खेळात उधारीच काढून टाकलीत तर ज्याची जागा वाईट पडली त्याने काय फासे चाटायचे?

नियमावर बोट
उचलीचं उदाहरण तुम्ही काढलंत ते बरं झालं. उचल घेतलेल्या बागायतदाराला पुढे भाव ठरवता येतो का? दुसऱ्या दलालाकडे माल नेता येतो? नाही ना? म्हणूनच पटावर उधारी नको. दुसऱ्या पाळीला एकाचा मिंधा झालेला गडी दहाव्या पाळीपर्यंत त्याचाच गडी राहतो, आणि बाकीचे दोघे उगाच फासे टाकत बसतात.

गजालवाला
माका ह्या खेळातला काय एक कळणा नाय. पण माझा किराणाचा दुकान असा. उधारी दिली काय गिऱ्हाईक दुसऱ्या वाटेन जाता, ह्या माका बरा म्हायत असा. वहिनीन भजी दिली नाय, ता मात्र एकदम बेस केल्यान.

दादर पॅसेंजर
दोघांचंही अर्धंच पटतंय. वचन द्यायला हरकत नाही, मोडायलाही नाही. ते मोडलं जाऊ शकतं हे वहिनीला आधीच माहीत होतं, तर किंमत त्या हिशोबाने मागायची. उधारीवर दोन विटा हव्यात? मग आत्ता दोन लोकरी, नाहीतर मीठ खा. सौदा कच्चा केला तो वहिनीने. आणि पुढच्या डावात भावोजींना कोणी काही देणार नाही, हीच शिक्षा. वेगळा दंड कशाला?

पण एक गोष्ट वेगळी काढा. सौदा करताना “माझ्याकडे गहू आहे” म्हणून हात पुढे करायचा आणि पानच नसायचं, ही थेट लबाडी. हातातली पानं झाकलेली असतात, त्यामुळे आधी काय वाट्टेल ते बोला, पण ‘ठरलं’ म्हटल्यावर पान टेबलावर आलं पाहिजे. हर्णैला लिलावात निदान पापलेट डोळ्यासमोर पडलेलं असतं.

आमच्यात याहून मोठा वाद मक्तेदारीच्या पानावर होतो. तुमच्याकडे नाही झाला?

खाडीकाठ
झाला ना! भाच्याने, वय वर्षं बारा, तिघांना एकेक दगड विकला. बदल्यात दोन गहू आणि एक लोकर. सगळे खूश. मग निवांतपणे मक्तेदारीचं पान उघडलं आणि म्हणाला, “दगड.” त्या पानाने एका मालाचं नाव घ्यायचं, बाकीच्यांनी हातातला तो सगळा माल द्यायचा. विकलेले तिन्ही परत, वर वहिनीचे स्वतःचे दोन. सगळ्यात जास्त कोण ओरडलं असेल? भावोजी. “ही काय माणसात राहायची रीत आहे?” हे त्यांचे शब्द.

नियमावर बोट
पोरगं शंभर टक्के नियमात आहे. परत घेणार नाही असं ते कुठे म्हणालं होतं?

मोहोर
हे मलाही मान्य. शब्द दिला नव्हता, मोडला नाही. भावोजींनी दिला होता. फरक तोच तर आहे.

वेळणेश्वरी
मध्येच विचारते, रागावू नका. तीनाला एकच्या बंदरावर वस्ती असेल तर तीन वेगवेगळी पानं देऊन एक घेता येतं का? आमच्याकडे सासूबाई तसंच घेतात आणि त्यांना कोण सांगणार.

नियमावर बोट
नाही. तिन्ही एकाच मालाची हवीत. बंदर नसेल तर बँकेला, म्हणजे पटाशेजारच्या पानांच्या गठ्ठ्याला, चार सारखी द्यायची. खास मालाच्या बंदरावर दोन, पण फक्त त्याच मालाची. सासूबाईंना पुस्तिका भेट द्या.

खाडीकाठ
रविवारी पुन्हा बसलो. वहिनीनेच तोडगा काढला. डब्यातल्या काजूच्या बिया आणल्या. वचन द्यायचं तर एक बी समोरच्याला द्यायची. वचन फेडलं की बी परत. मुदतीत फेडलं नाही, तर फेडेपर्यंत त्याने कोणाशीच सौदा करायचा नाही, फक्त बँकेशी. सुरू करायच्या आधी चौघांनी हो म्हटलं, त्यामुळे पुस्तिकेचा प्रश्न नाही.

तीन पाळ्या मस्त चाललं. मग भावोजींनी वहिनीला एका गव्हाची बी दिली. वहिनीला गव्हापेक्षा लाकडाची घाई. तिने आपल्या पाळीला ती बी भाच्याला देऊन त्याच्याकडून एक लाकूड घेतलं. भाचा बी घेऊन बापासमोर उभा, “बाबा, गहू.” भावोजी म्हणतात, “मी शब्द वहिनींना दिलाय, तुला नाही.” डाव तिथेच अडलाय, पट तसाच ठेवलाय, वर परात झाकून. कारण मांजर.

नियमावर बोट
मी म्हटलं नव्हतं? बी हा माल नाही. म्हणजे भाच्याने लाकूड फुकट दिलं, आणि फुकट द्यायला बंदी आहे. तो सौदाच रद्द. लाकूड पोराला परत, बी वहिनीला परत.

मोहोर
अहो, ही चक्क हुंडी झाली, व्यापाऱ्यांची पैसे देण्याची जुनी चिठ्ठी! शहाजोग असती तर बाजारातला कोणीही पतदार माणूस वटवू शकला असता. नामजोग असेल तर जिच्या नावाची तिला, किंवा ती सांगेल त्याला. वहिनींनी सांगितलं की भाच्याला द्या. कुठूनही बघा, गहू पोराचाच.

दादर पॅसेंजर
पोरगं बारा वर्षांचं आहे. अल्पवयीनाने केलेला करार कुठे चालतो?

गजालवाला
तेच्या बापाशीन इचारा मा, दगडाच्या येळेक आरडाक लागलो तेवा पोराचा वय खय गेला होता.

खाडीकाठ
सगळं वाचून दाखवलं. भावोजी म्हणतात, हुंडी वाण्याच्या पेढीवर चालते, बेटावर नाही. भाचा बी मुठीत धरून झोपला होता, सकाळी ती उशीखाली सापडली. आता पुन्हा पाऊस लागलाय आणि वहिनी कांदा चिरतेय. ताटल्या किती काढल्यात ते अजून दिसलं नाही.