‘मँगो स्ट्रीट’: पात्रं आणि अलंकार एकत्र कसे घ्यावेत?

खाडीकाठ
वाचनालयात अकरावी-बारावीच्या मुलांबरोबर सांद्रा सिस्नेरोस यांचं ‘द हाउस ऑन मँगो स्ट्रीट’ (१९८४) चार रविवारांत वाचायचं आहे. मुलं मालवण-कुडाळकडची, इंग्रजी बेताचं. अडचणी दोन. कादंबरी घडते त्या शिकागोच्या वस्तीत दर दोन पानांनी नवं माणूस येतं, त्यात महत्त्वाचं कोण ते मुलांना कळत नाही. आणि ‘लाइक’ दिसलं की ‘उपमा’ लिहून मोकळी होतात. शिवाय गोष्ट सांगणाऱ्या नायिकेचं नाव, एस्पेरान्झा, त्याचं मराठीत ‘आशा’ केलं तर चालेल का?

पडवी
प्रकरणं ४४ आहेत. सगळी माणसं पाठ करून घ्यायला गेलात तर चारही रविवार त्यातच जातील. पहिल्या दिवशी फक्त खिडकी धरा. फळ्यावर चार नावं: एस्पेरान्झाची पणजी, मामासिता, राफाएला, सॅली. पुढे रकाने तीन: खिडकीशी कुणी बसवलं, बाहेर काय दिसतं, जवळपास कुठली प्रतिमा आहे.

पणजीला पणजोबांनी डोक्यावर पोतं टाकून उचलून आणलं, मग ती जन्मभर खिडकीत. मामासिताला नवऱ्याने दोन-दोन नोकऱ्या करून बोलावून घेतलं. वर गेली ती खाली उतरलीच नाही, खिडकीशी बसून स्पॅनिश रेडिओ ऐकते. राफाएलाचा नवरा मंगळवारी डॉमिनो खेळायला जाताना तिला कोंडून जातो. ती खाली नोट टाकते आणि दोरीला बांधलेल्या कागदी पिशवीतून नारळाचा नाहीतर पपईचा रस वर ओढून घेते. नारळ म्हटल्यावर आपली मुलं हसतील, हसू द्या. मग विचारा, कडू चव कशासारखी म्हटली आहे? रिकाम्या खोलीसारखी. चव सांगायला खोली का आणावी लागली, ते कुलपाकडे बघितल्यावर कळतं.

सॅलीचा नवरा तर खिडकीबाहेर बघूही देत नाही. मग ती टॉवेल, टोस्टर, लिनोलियमवरचे गुलाब बघत बसते, आणि छत: लग्नाच्या केकसारखं गुळगुळीत. उपमा बरोबर छताला दिली आहे. लग्नच डोक्यावर छप्पर होऊन बसलं आहे, आणि आठवीसुद्धा झालेली नाही अजून.

आलिशिया (विद्यापीठात जाणारी) आणि मिनर्व्हा (कागदाच्या चिटोऱ्यांवर कविता लिहिणारी) दुसऱ्या रविवारी घ्या.

चिरेबंदी
अलंकारांचं बोलायचं तर शाळेतलेच चार रकाने पुन्हा आखा: उपमेय, उपमान, साधारण धर्म, साम्यवाचक शब्द. सुरुवात केसांच्या प्रकरणाने. नायिकेच्या वडिलांचे केस झाडूसारखे, हवेत उभे. चारही रकाने भरतात, पूर्णोपमा. मग नावाचं प्रकरण घ्या. तिला आपलं नाव नऊ या आकड्यासारखं वाटतं. इथे साधारण धर्माचा रकाना रिकामा राहतो, म्हणजे लुप्तोपमा. तो तुम्ही भरू नका, मुलांना भांडू द्या.

चुका होतात त्या पुढे. घराच्या खिडक्या इतक्या लहान की श्वास रोखून धरल्यासारख्या वाटाव्यात: मुलं याला रूपक म्हणतात. ‘वाटावं’ आहे, म्हणजे उत्प्रेक्षा. निर्जीव खिडकी श्वास रोखते, म्हणून चेतनगुणोक्तीही. दोन्ही लिहिलं तर दोन्ही मान्य करा. पणजीला झुंबर असल्यागत उचलून नेलं, तीही उत्प्रेक्षाच. स्वतःला नायिका नांगराला बांधलेला लाल फुगा म्हणते, ‘सारखा’ नाही, ‘जणू’ नाही: हे चोख रूपक. घाटावर नांगर म्हटलं की शेत डोळ्यांपुढे येतं, मालवण बंदरावर ते समजावत बसावं लागणार नाही.

खाडीकाठ
आभार. चार झाडांच्या प्रकरणाला माडाचं उदाहरण दिलं तर जवळचं वाटेल ना?

पडवी
माड नको हो. माड आपण आळं करून, पाणी घालून वाढवतो. ती झाडं नगरपालिकेने फुटपाथवर खुपसलेली, किडकिडीत मानेची, टोकदार कोपरांची. भिंतीत उगवलेला पिंपळही चालणार नाही, तो आपणहून येतो आणि भिंत फोडतो. इथे कुणीतरी लावून विसरून गेलंय, हा मुद्दा सुटता कामा नये. डांबरी रस्ता रुंद झाल्यावर कडेला लावलेलं, जाळी मोडलेलं एखादं रोप दाखवा. बाकी काम क्रियापदं करतात: मुळं माती घट्ट धरतात, झाडं आभाळाला चावतात. मुलांना फक्त क्रियापदांखाली रेघ मारायला सांगा.

चिरेबंदी
नावाचं राहिलं. ‘आशा’ करू नका, पण ‘एस्पेरान्झा’ही नको. मेक्सिकन उच्चार ‘एस्पेरान्सा’. शाळेत तिचं नाव घेतात तेव्हा अक्षरं पत्र्याची होऊन टाळूला लागतात, स्पॅनिशमध्ये ती चांदीसारखी मऊ असतात. वर्गात आधी ‘झा’ आणि मग ‘सा’ मोठ्याने म्हणवून घ्या, अर्धं प्रकरण तोंडातच कळेल.

अर्थाचा पेच असा की स्पॅनिशमध्ये ‘एस्पेरार’ या एकाच क्रियापदात आशा करणं आणि वाट बघणं, दोन्ही येतं. म्हणून इंग्रजीत ते नाव आशेचं आणि स्पॅनिशमध्ये दुःखाचं, वाट बघण्याचं. आपल्या ‘आशा’त वाट बघणं नाही, ‘आस’मध्ये आहे: आस लावून बसणं. हे नाव पणजीचंच आहे, आणि पणजी बसली होती कुठे, ते पहिल्या रविवारच्या फळ्यावर असेलच.