द पोलीस बँडचे पाच अल्बम : सुरुवात कुठून करू?

तळ्याकाठी

लेक चौदा वर्षांची आहे, दिवाळीपासून ड्रम्स शिकतेय. तिच्या सरांनी "स्टुअर्ट कोपलँड ऐक" एवढंच सांगून घरी पाठवलं. तो 'द पोलीस' नावाच्या इंग्लिश बँडचा ड्रमर, इथवर मी पोचले. पण नेटवर नुसतं 'पोलीस' टाकलं की भरतीच्या जाहिराती आणि मैदानी चाचणीचे गुण येतात!

'एव्हरी ब्रेथ यू टेक' मला माहीत आहे, 'रॉक्झॅन' कधीतरी कानावरून गेलंय. बाकी आमच्या घरात नाट्यगीतं आणि पंचम. त्यांचे स्टुडिओ अल्बम पाचच दिसतात, तेव्हा जाणकारांनी क्रम लावून द्यावा ही विनंती. कुठला आधी, कुठला सोडला तरी चालेल? निवडक गाण्यांचा एकच संग्रह ऐकला तर भागेल का? आणि तिच्या वयाला जड जाईल असं काही असेल तर तेही सांगा.

एकतारी

ताई, सर चांगले मिळालेत. माझा क्रम असा : 'रेगाटा द ब्लांक' (१९७९), 'आउटलँडोज दामूर' (१९७८), 'झेन्याटा मोन्डाटा' (१९८०), 'सिंक्रोनिसिटी' (१९८३) आणि शेवटी 'घोस्ट इन द मशीन' (१९८१). यावर मार खायची तयारी आहे.

हा क्रम लावताना मी एकच गोष्ट बघितली. तीनच माणसं : स्टिंग बास वाजवत गाणार, अँडी समर्स गिटारवर, कोपलँड ड्रम्सवर. ज्या अल्बममध्ये या तिघांमधली मोकळी जागा ऐकू येते तो वर. जिथे ती जागा कीबोर्ड आणि सॅक्सोफोनने भरून काढली तो खाली. ड्रम शिकणाऱ्या मुलीला ती जागाच ऐकायची आहे.

'रेगाटा'वर जरा सविस्तर लिहितो. 'वॉकिंग ऑन द मून' लावा आणि लेकीला फक्त हाय-हॅटकडे, म्हणजे पायाने उघड-बंद होणाऱ्या झांजांच्या जोडीकडे, कान द्यायला सांगा. बासचे मोजके स्वर, गिटारचा एक लांब झंकार, आणि वर हा माणूस झांजेवर बारीक नक्षी काढत बसलाय, त्यातच प्रतिध्वनीचं यंत्र लावून एका ठोक्याचे चार करतोय. जमैकाच्या रेगेत बऱ्याचदा पहिली मात्रा मोकळी सोडतात आणि जोर तिसरीवर टाकतात. नाट्यगीतं ऐकणाऱ्या घराला हे सांगायला सोपं आहे : सम रिकामी! आपला कान समेची वाट बघतो आणि तिथे काहीच नसतं. कोपलँडचं लहानपण बैरुतमध्ये गेलं, तिथल्या अरबी तालांचा संस्कारही त्याच्या हातात आहे असं तो स्वतः सांगतो. 'मेसेज इन अ बॉटल' याच अल्बमवर आहे. ही दोन्ही गाणी ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली होती. अल्बमच्या नावाचा तुकडा तर जवळजवळ निव्वळ वादन आहे. जाहीर कार्यक्रमांत 'कान्ट स्टँड लूझिंग यू'च्या मध्यावर हे तिघं जे सुचेल ते वाजवत, त्यातून तो तयार झाला आणि ग्रॅमी घेऊन गेला. कोपलँडची स्वतःची गाणीही इथे सर्वांत जास्त. थोडी वात्रट आहेत, मुलांना आवडतात.

'आउटलँडोज' कच्चा आणि धसमुसळा आहे. लेदरहेडच्या सरे साउंड स्टुडिओत अगदी तुटपुंज्या पैशात केलेला. तो स्टुडिओ चालवणारा नायजेल ग्रे पेशाने डॉक्टर. 'रॉक्झॅन'च्या सुरुवातीला पियानोचा एक बेसूर ठोका आणि हसू ऐकू येतं. स्टिंग चुकून पियानोच्या पट्ट्यांवर बसला होता आणि त्यांनी ते तसंच ठेवून दिलं. 'सो लोनली'त कडव्याला रेगे आणि ध्रुपदाला पंक (वेगवान, दणदणीत रॉक), हा सांधा लेकीला वाजवून बघू दे. घाम फुटेल.

'झेन्याटा' घाईत उरकला, आणि ते कळतं. हॉलंडमधल्या हिल्व्हरसममध्ये सुमारे चार आठवड्यांत रेकॉर्डिंग, लगेच दौरा. तरी 'ड्रिव्हन टू टिअर्स' ऐकाच. समर्सचा 'बिहाइंड माय कॅमल' स्टिंगला इतका नकोसा होता की त्याने त्यात बास वाजवायलाच नकार दिला, शिवाय टेप बागेत पुरून टाकली! समर्सने ती उकरून काढली, बासही स्वतःच वाजवला, आणि त्याच तुकड्याला पुन्हा ग्रॅमी.

उरलेल्या दोघांबद्दल इतर लिहितीलच.

वयाचं म्हणाल तर : 'रॉक्झॅन' वेश्येला उद्देशून आहे, 'कान्ट स्टँड लूझिंग यू'त आत्महत्येची धमकी आहे, 'डोन्ट स्टँड सो क्लोज टू मी' शिक्षक आणि विद्यार्थिनीबद्दल. चौदाव्या वर्षी शब्द कळतातच. तुम्ही आधी वाचून घ्या.

जुनी_कॅसेट

'घोस्ट इन द मशीन' शेवटी? एकतारी, धन्य आहे तुमची.

पहिले तीन अल्बम म्हणजे तीन-चार जबरदस्त गाणी आणि बाकी भरताड. 'घोस्ट' हा त्यांचा पहिला अल्बम जो सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका रंगाचा आहे. काळा. 'इनव्हिजिबल सन' उत्तर आयर्लंडमधल्या हिंसाचाराच्या त्या वर्षांबद्दल आहे. व्हिडिओत बेलफास्टची दृश्यं होती म्हणून बीबीसीने तो दाखवला नाही. त्याच अल्बमवर 'एव्हरी लिटल थिंग शी डझ इज मॅजिक'सारखं उड्या मारायला लावणारं गाणं आहे. कीबोर्ड आले म्हणून ड्रम्स गेले असं कुठे आहे? त्या गाण्याच्या शेवटाला कोपलँड जे करतो ते 'रेगाटा'त शोधून दाखवा. मुखपृष्ठावरची लाल डिजिटल आकड्यांसारखी तीन चिन्हं म्हणजे या तिघांचे चेहरे. आधी ओळखा, मग क्रम लावा.

माझा क्रम : घोस्ट, सिंक्रोनिसिटी, रेगाटा. बाकीचे वेळ मिळाला तर.

उंबरठा

सिंक्रोनिसिटी चौथ्या क्रमांकावर बघून मीही चहा सांडला. अमेरिकेत १७ आठवडे पहिल्या क्रमांकावर होता हो तो!

एकतारी

खप आणि क्रम वेगळे. पण 'सिंक्रोनिसिटी'ची दुसरी बाजू जवळजवळ निर्दोष आहे, हे मान्य. 'किंग ऑफ पेन', 'रॅप्ड अराउंड युअर फिंगर', 'टी इन द सहारा', ओळीने. माझी अडचण पहिल्या बाजूची आहे, तिथे 'मदर' लागतं आणि घरातले उठून जातात. मॉन्टसेराट बेटावर रेकॉर्डिंग करताना तिघं तीन खोल्यांत होते, ड्रम्स तर जेवणाच्या खोलीत. आवाजासाठी ते सोयीचं असेल, पण एव्हाना या लोकांचं एकमेकांशी पटतही नव्हतं. 'एव्हरी ब्रेथ यू टेक'मधले ड्रम्स ऐका, सरळ ठोका, बस्स. गाण्याला तेच हवं होतं. विद्यार्थिनीला मात्र त्यातून काय मिळणार?

आणि ताई, लोक ते लग्नात वाजवतात, पण ते पाळत ठेवणाऱ्या माणसाचं गाणं आहे.

जुनी_कॅसेट, 'मॅजिक'च्या शेवटाबद्दल वाद नाही. पण 'डिमॉलिशन मॅन'ची सहा मिनिटं पुन्हा एकदा बसून ऐका आणि मग सांगा भरताड कशाला म्हणतात.

गिरगावचा_बोका

अल्बमचं तुमचं चालू द्या. कुणी लिहिलं नाही म्हणून सांगतो, ही मंडळी मार्च १९८० मध्ये मुंबईत वाजवून गेलीत. टाइम अँड टॅलेंट्स क्लबने मदतनिधीसाठी ठेवलेला कार्यक्रम. माझा मामेभाऊ गेला होता, "तिघंच होते रे, आणि एवढा आवाज" हे त्याचं वाक्य आम्ही पुढे कित्येक वर्षं ऐकलं. तेव्हा त्यांचे दोनच अल्बम निघाले होते. म्हणजे एकतारींच्या यादीतले पहिले दोन. मुंबईने ऐकले ते हेच पोलीस, त्यामुळे माझं मत तिकडे.

तळ्याकाठी

सगळ्यांचे आभार. 'वॉकिंग ऑन द मून' लावलं. लेक म्हणाली, "आई, यात काहीच नाहीये," आणि मग तेच पुन्हा पुन्हा लावत बसली. सम रिकामी हे मात्र मला लगेच पटलं.

दोन शंका राहिल्या : निवडक गाण्यांच्या संग्रहाचं काय? आणि वाढदिवसाला एखादी रेकॉर्ड घ्यायची तर कुठली?

एकतारी

१९८६ चा 'एव्हरी ब्रेथ यू टेक : द सिंगल्स' गाडीत ऐकायला ठीक आहे. त्यात 'डोन्ट स्टँड सो क्लोज टू मी' नव्याने केलेलं आहे, मूळ नाही, आणि नवं फिकं आहे. शिवाय 'ड्रिव्हन टू टिअर्स'सारखी गाणी त्यात नाहीत, आणि सर बहुधा तीच विचारतील.

रेकॉर्ड 'रेगाटा'चीच घ्या. जुनी असेल तर दुकानातच वाजवून बघा, हाय-हॅटच्या जागी नुसती खरखर येत असेल तर परत ठेवा.

जुनी_कॅसेट

'सिंक्रोनिसिटी' घ्यायची वेळ आलीच तर एक लक्षात ठेवा : 'मर्डर बाय नंबर्स' हे गाणं तेव्हाच्या एलपीवर नव्हतं, फक्त कॅसेट आणि सीडीवर होतं. कोपलँडच्या हातासाठी तेवढं एक गाणं तरी तिला ऐकवाच. आणि 'घोस्ट'ला शेवटी टाकू नका हो.