क्लिक होणारं कॉकपिट म्हणजेच रिअलिझम? मला तरी नाही पटत

विमाननगर_विंगमन
परवा रविवारी एक मित्र आला होता, त्याने फ्लाइट सिम खेळायला नवीन हॉटास (बटणांनी भरलेली स्टिक आणि थ्रॉटल) घेतलाय, ते सगळं सॅकमध्ये कोंबून कर्वेनगरहून पार विमाननगरपर्यंत आणलं त्याने, ट्रॅफिक बघता हीच खरी भक्ती. म्हणाला तुझं ते कीबोर्डवरचं सुखोई-२७ बंद कर, डीसीएस या सिममधलं, प्रत्येक स्विच क्लिक होणारं खरं एफ-१६ दाखवतो. मग झालं सुरू. मेन पॉवर, जेएफएस (मोठं इंजिन सुरू करणारं छोटं इंजिन) स्टार्ट टू, वीस टक्के आरपीएम आले की थ्रॉटल आयडलला, मग आयएनएसचा (विमान कुठे आहे हे स्वतःच मोजणाऱ्या यंत्रणेचा) नॉब फिरवायचा आणि अलाइनमेंटला आठ मिनिटं. आठ मिनिटं आम्ही उभ्या विमानात बसून पोहे खाल्ले. स्टोअर्ड हेडिंग (आधीच साठवलेली दिशा) घेतलं असतं तर दीड मिनिटात उरकलं असतं, पण नाही, रिअलिझम पाहिजे ना. नंतर टेकऑफ केला आणि पहिल्याच मिसाईलला साहेब खाली.

माझं म्हणणं असंय की आपण रिअलिझम म्हणजे किती स्विच क्लिक होतात हे धरून बसलोय. फायटर पायलटला अवघड जातं ते बटण शोधणं नाही (ते तर घोकून येतं), समोरचा स्क्रीन जे सांगतोय त्यावर विश्वास किती ठेवायचा हे अवघड. आणि नेमकी तिथेच आपली सिम्स पास करून टाकतात. आरडब्ल्यूआर बघा, म्हणजे शत्रूचं रडार आपल्यावर पडतंय हे सांगणारा डिस्प्ले. त्यावरचं चिन्ह मध्याच्या जवळ आलं म्हणजे शत्रू जवळ आला असं सगळे धरतात, पण ते अंतर नसतंच, तो फक्त रिसीव्हर आहे, सिग्नल किती जोरात येतोय आणि धोका किती यावर ते चिन्ह सरकतं. लांबचं ताकदवान रडार जवळचं वाटू शकतं. सिममध्ये मात्र ते इतकं शहाण्यासारखं वागतं की लोक त्यावर डोळे मिटून वळतात आणि वाचतातही!

वर व्हीआर हेडसेट घालून नऊ जीमध्ये (सगळं वजन नऊपट होतं अशा वळणात) घुबडासारखी मान मागे. डोकं आणि हेल्मेट मिळून सात किलो धरा, नऊ जीला त्रेसष्ट किलो होतात, म्हणजे मानेवर एक अख्खा माणूस बसलाय. वळवून दाखव म्हणावं.

कोथरूड_कॉकपिट
तो मित्र मीच. पोहे चांगले होते, बाकी पोस्ट चुकीची आहे.

कोल्ड स्टार्ट (बंद विमान शून्यापासून सुरू करणं) दिखाऊ आहे हे एक वेळ मान्य, दहा वेळा केलं की कुकरच्या शिट्ट्या मोजण्याइतकं सोपं होतं. पण तू स्टार्टचे स्विच आणि हवेतले स्विच एकाच पोत्यात घातलेस. एफ-१६ मध्ये स्टिकवरचा टीएमएस (लक्ष्य निवडायचं बटण) पुढे ढकलला तर काय होईल? तर ते अवलंबून आहे की त्या क्षणी सेन्सर ऑफ इंटरेस्ट (बटणं ज्याला लागू होतात तो सेन्सर) कोणता, रडार, टार्गेटिंग पॉड (विमानाला लावलेला कॅमेरा) की हड (डोळ्यांसमोरच्या काचेवरचा डिस्प्ले). तेच बटण, तोच अंगठा, वेगळा परिणाम. तू घाईत डीएमएस (सेन्सर बदलायचं बटण) खाली मारायला विसरलास की तुला वाटतंय रडार लॉक करतोय आणि प्रत्यक्षात पॉडचा कॅमेरा कुठल्यातरी शेतात हलवतोयस. आणि ही चूक जमिनीवर कधीच होत नाही, समोरून मिसाईल येत असताना होते. तुझ्या फ्लेमिंग क्लिफ्सच्या (डीसीएसमधलाच सोप्या विमानांचा संच) सुखोईत एक की दाबली की लॉक, डोक्याला ताण शून्य. तू ज्याला "विश्वास किती ठेवायचा" म्हणतोस तो प्रश्न पडायला आधी डोक्यात जागा लागते, आणि ती जागा खातात हीच बटणं.

आणि सिमला हसण्याआधी एक सांग, एफ-३५ ची दोन सीटवाली आवृत्ती आहे का? नाहीये. म्हणजे पायलट त्या विमानात पहिल्यांदा उडतो तो एकटाच, त्याआधीचं सगळं सिम्युलेटरमध्ये. ते सिम्युलेटर डोमवाले (सभोवती घुमटासारखा पडदा) असतात आणि नऊ जी त्यातही लागत नाही. मग ते पण खोटं का?

सदाशिव_विक्षिप्त
दोघांनी मिळून एक दुपार फुकट घालवली आणि आता ती कशी घालवायला हवी होती यावर वाद. चालू द्या.

बाय द वे मी वॉर थंडर (ऑनलाइन युद्धाचा गेम) खेळतो. आमच्यात रिअलिझमवरून भांडताना एकाने २०२१ मध्ये चॅलेंजर २ रणगाड्याची गोपनीय कागदपत्रं पुरावा म्हणून टाकली होती. तुमच्यात आहे का एवढी निष्ठा?

विमाननगर_विंगमन
@सदाशिव, हसायला आलं पण तूच माझा मुद्दा सिद्ध केलास. जे खरोखर महत्त्वाचं ते सगळं कुलपात. जॅमर (रडारला फसवणारं यंत्र) कुठल्या रडारला काय उत्तर देतो, आरडब्ल्यूआरच्या लायब्ररीत (ओळखीच्या रडारांच्या यादीत) काय भरलंय, मिसाईलचा सीकर (लक्ष्य शोधणारा डोळा) जॅमिंगमध्ये कसा वागतो, यातलं बाहेर काही येत नाही, मग सिम बनवणारा अंदाज करतो आणि आपण त्या अंदाजाला पीएचडी लावतो. डीसीएसचं एफ-१६ हे २००७ च्या आसपासचं ब्लॉक ५० (एफ-१६ ची एक आवृत्ती) आहे, ते मुद्दाम जुनं, कारण त्यापुढचं लिहिता येत नाही. आणि आपल्या डोक्यावरून जे सुखोई-३० एमकेआय जातं, जे २००२ साली इथेच लोहगावला दाखल झालं, त्याचं पूर्ण मॉड्यूल (सिममध्ये उडवायचं तयार विमान) तर विसराच. बार्स रडार रशियन, आरडब्ल्यूआर आपलं तरंग, टार्गेटिंग पॉड इस्रायली. परवानगी मागणार कोणाकोणाकडे?

@कोथरूड, सेन्सर ऑफ इंटरेस्टचा मुद्दा चांगलाय, विचार करतो. पण एक सांग, खऱ्या एफ-१६ ची साइडस्टिक सुरुवातीला अजिबात हलायची नाही, हाताची ताकद मोजायची, पुढे जेमतेम हलेल एवढी सैल केली. तू ती महागडी स्टिक वरण घोटल्यासारखी गरागरा फिरवतोस. ते कुठल्या रिअलिझममध्ये बसतं?

रडार_रिकामटेकडा
मी मध्ये पडतो कारण तुम्ही दोघं रडारवर हवेत बोलताय.

परत येणारा सिग्नल अंतराच्या चौथ्या घातानं पडतो. म्हणजे रेंज दुप्पट हवी तर बाकी सगळं तेच ठेवून सोळापट पॉवर लागेल, आणि उलट, शत्रूचा रडार क्रॉस सेक्शन (रडारला तो किती मोठा दिसतो ते) सोळापट कमी झाला तर तुमची रेंज निम्मी. त्यामुळे "या रडारची रेंज अमुक किलोमीटर" हे वाक्यच अर्धवट, कशाच्या विरुद्ध, वरून बघतोय की खालून, समोरून की शेपटीकडून? परत क्रॉस सेक्शन हा एक आकडा नसतो, विमान दोन-चार अंश वळलं तरी तो उड्या मारतो, म्हणून खरा कॉन्टॅक्ट (रडारवर दिसणारं विमान) लुकलुकतो, येतो जातो. बऱ्याच सिममध्ये विमानाला एक ठरलेला आकडा चिकटवलेला असतो आणि ठरलेल्या अंतरावर दिवा लागल्यासारखा कॉन्टॅक्ट उगवतो. इथे विंगमन बरोबर.

पण नॉचिंग घ्या. पल्स डॉप्लर रडार खाली बघताना जमिनीकडून येणारा प्रतिध्वनी वेगावरून गाळतं, मग तुम्ही त्याला बरोबर काटकोनात वळलात तर तुमचा त्याच्याकडे येण्याचा वेग शून्य आणि तुम्हीही जमिनीबरोबर गाळले जाता. ही गोष्ट मला चार वर्षं इंजिनिअरिंगमध्ये फळ्यावर कळली नाही, सिममध्ये दोन रात्रीत कळली. फक्त सिममध्ये गाळणीची जाळी किती बारीक हे ठरलेलं असतं, लोक ते पाठ करतात आणि नव्वद अंशावर मेट्रो धावल्यासारखे उडतात. शिकवलं बरोबर, पण परीक्षेचा पेपर आधीच फुटलेला.

फ्लाइट मॉडेलबद्दल मात्र तक्रार करू नका. एफ-१६ चा नासाचा विंड टनेल डेटा १९७९ सालच्या रिपोर्टात छापलेला आहे, कुणीही वाचावा. फाल्कन बीएमएस या सिममध्ये डीप स्टॉलमध्ये अडकून बघा, कॉम्प्युटर तुमचं ऐकत नाही, नाक वर, विमान पानासारखं खाली, मग मॅन्युअल पिच ओव्हरराइड दाबून धरायचं आणि झोका देतात तसं नाक वरखाली हलवत हलवत बाहेर काढायचं. ते गुपित नाहीये म्हणून ते खरं जमलंय.

बारामती_फायनल
मी बारामतीला सेसना १७२ वर शिकतेय, फायटरशी संबंध नाही, पण सिमची सवय घेऊन गेले होते म्हणून लिहिते. पहिल्या दिवशी इन्स्ट्रक्टरनी नकाशाने पॅनेल झाकून टाकलं कारण मी बाहेर बघतच नव्हते, सगळा वेळ डोळे घड्याळांवर. ही सिमची देणगी.

विंगमन दादा तुम्ही शरीर म्हणजे फक्त जी धरलात. माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे, खरं शरीर खोटं बोलतं. ढगात एकसारखं हळू वळण घेत राहिलं की वीसेक सेकंदांनी कानातल्या नळ्यांमधलं द्रव स्थिरावतं आणि तुम्हाला शपथेवर वाटतं की आपण सरळ चाललोय, मग विमान सरळ केलं की वाटतं उलट्या बाजूला झुकलो. तेव्हा पोटातून येणारा आवाज एक सांगतो आणि आर्टिफिशियल होरायझन दुसरं. आणि त्या पोटाचं न ऐकणं किती अवघड असतं ते खुर्चीत बसून कळूच शकत नाही कारण खुर्ची कधी खोटं बोलत नाही. सिममध्ये ढगातून जाणं मला सोपं वाटायचं. आता नाही वाटत.

कोथरूड_कॉकपिट
ताई हे भारी लिहिलंत. पण बघा, उपाय काय निघाला? इन्स्ट्रुमेंटवर विश्वास. आणि ती सवय सिम लावतं.

(मला मात्र बारामतीपेक्षा जॉर्जियातल्या बटुमीचा रनवे जास्त पाठ आहे. डीसीएसमधला फुकटचा कॉकेशसचा नकाशा, काय करणार.)

निवृत्त_फिटर
मी हवाई दलात जमिनीवर नोकरी केली, इन्स्ट्रुमेंट ट्रेड. पोरांनो तुमचं वाचून मजा आली. कुठलं विमान, कुठली स्क्वाड्रन ते विचारू नका, सांगणार नाही.

तुमच्या सिममधलं प्रत्येक विमान शोरूममधून आजच काढल्यासारखं असतं. खरी विमानं तशी नसतात, दोन सारख्या नंबरची विमानं शेजारी उभी असली तरी एकाचा स्वभाव वेगळा, अमक्याची फ्युएल गेज थोडी जास्त दाखवते, तमक्याचा एक दिवा उगाच लागतो, आणि हे पायलटला माहीत असतं कारण तो आधी फॉर्म ७०० (विमानाची नोंदवही) वाचतो, मागच्याने काय स्नॅग (बिघाड) लिहिला, आम्ही काय केलं, कोणी सही केली. मग विमानाभोवती फेरी. मग सीटच्या पिना मोजायच्या, लाल पट्ट्यांच्या, उडण्याआधी सगळ्या काढल्या का आणि उतरल्यावर सगळ्या परत लावल्या का. इजेक्शन सीट म्हणजे बुडाखाली ठेवलेली स्फोटकं, तिच्याशी गंमत नाही. २०१४ च्या ऑक्टोबरात थेऊरजवळ सुखोई पडलं होतं ते तुमच्यापैकी पुण्यातल्यांना आठवत असेल, दोघे वैमानिक सुखरूप उतरले, पण सीट कशी सुटली यावरून केवढी चर्चा झाली.

तर विंगमन, तुम्ही म्हणता विश्वास किती ठेवायचा हा प्रश्न. तो प्रश्न रडारपाशी सुरू होत नाही, त्या सहीपाशी सुरू होतो. आणि कोथरूडवाले, तुमचे पोहे खाऊन झालेली आठ मिनिटं आम्ही बाहेर उन्हात हेडसेट लावून उभे असायचो, ती आठ मिनिटं रिकामी नसायची.

विमाननगर_विंगमन
काका, यावर बोलायला काही नाही. फॉर्म ७०० एखाद्या मॉड्यूलमध्ये आलं तर मी बटणांबद्दलचे निम्मे शब्द मागे घेतो. सिममध्ये रँडम फेल्युअरचा ऑप्शन असतो हे खरं, पण तो आपण सगळे बंद ठेवतो ना, हॉटासवर एवढे पैसे घालवणारेसुद्धा! मोफत मिळणारा रिअलिझम मात्र कोणालाच नको असतो.

कोथरूड_कॉकपिट
मी चालू ठेवतो.

विमाननगर_विंगमन
खोटं. रविवारी मी सेटिंग बघितलंय.

कोथरूड_कॉकपिट
बरं मग या रविवारी असं करू. फेल्युअर चालू, लेबल (स्क्रीनवर विमानांशेजारी दिसणारी नावं) बंद, आणि आरडब्ल्यूआरच्या डिस्प्लेवर मी स्वतः कागद चिकटवतो, फक्त आवाज ऐकायचा. तू तुझ्या सुखोईत, मी एफ-१६ मध्ये.

विमाननगर_विंगमन
झालं काल. सविस्तर लिहायचा मूड नाही. मी तीनदा मेलो, त्यातले दोनदा आवाज ऐकून चुकीच्या बाजूला वळलो. हा दोनदा मेला, एकदा माझ्या मिसाईलने आणि एकदा हायड्रॉलिक गेलं म्हणून, आणि त्या वेळी तो टीएमएस मारत होता आणि सेन्सर ऑफ इंटरेस्ट पॉडवर होता, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. म्हणजे बटणांचं ते म्हणतो ते खरंय. पण हायड्रॉलिकचा दिवा लागला तेव्हा हा दहा सेकंद म्हणत होता की बग असेल, हेही लिहून ठेवा.

निवृत्त_फिटर
बग असेल म्हणाला? मग बरंच रिअल आहे की तुमचं सिम.